दोन पिशव्या

फोन बाराच्या आत वाजला तर वाईट, हे चौघांनाही माहीत होतं. म्हणून तो टेबलाच्या मधोमध ठेवला होता आणि चौघंही त्याच्यापासून हातभर लांब बसली होती.

सेंदाईच्या इस्पितळाचा तो छोटा पांढरा हँडसेट सकाळी साडेआठला, सासूबाईंना शस्त्रक्रियेसाठी आत नेल्यावर, होरिए-सान नावाच्या नर्सनं केतकीच्या हातात दिला होता. दोन्ही हातांनी, किंचित वाकून, प्रसाद द्यावा तसा. इमारतीबाहेर जाऊ नका, बाहेर याला रेंज नाही, एवढं सांगून त्या गेल्या. तेव्हापासून सासरे, विजयकुमार, त्या फोनकडे बघत होते. मिरजेच्या टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. फोन वाजू नये असं त्यांना जन्मात पहिल्यांदाच वाटत असावं.

सर्जन सुगिउरा-सेनसेइंनी आठवड्यापूर्वीच स्पष्ट सांगून ठेवलं होतं. पोट उघडल्यावर लहान आतड्यावर सगळीकडे आजार पसरलेला दिसला, तर मी काहीही न काढता पोट पुन्हा शिवेन. तसं झालं तर बाराच्या आत तुम्हाला फोन येईल. नाही आला, तर आम्ही काम करतो आहोत असं समजा. काम संध्याकाळपर्यंत चालेल. जितका उशीर होईल तितकं चांगलं.

त्यामुळे दहा वाजले तेव्हा केतकीच्या नवऱ्यानं, प्रथमेशनं, हळूच मनगटावरचं घड्याळ बापाला दाखवलं, आणि साडेदहाला नणंदेनं, नुपूरनं, उठून चौघांसाठी मशीनमधून गरम चहाचे डबे आणले. केतकीचा डबा तिनं केतकीच्या हातात न देता टेबलावर ठेवला.

हा अबोला आठ दिवसांचा होता.

मेसोथेलिओमा हा शब्द घरात पहिल्यांदा नुपूरनं उच्चारला होता. गेल्या पावसाळ्यानंतर सासूबाईंचं, सुनेत्राबाईंचं, पोट वाढायला लागलं. त्या प्रथमेशकडे निशी-कसाईला राहत; तिथल्या डॉक्टरांनी पाणी काढलं, ते पुन्हा भरलं, पुन्हा काढलं. कुणी म्हणालं यकृत, कुणी म्हणालं अंडाशय. शेवटी तुकडा तपासला आणि कळलं की पोटाच्या आतल्या अस्तराचाच कर्करोग आहे, फार क्वचित होणारा. ॲस्बेस्टॉसशी कधी संबंध आला होता का, असं डॉक्टरांनी तीन वेळा विचारलं. कुणालाच काही आठवेना. बायकांमध्ये पुष्कळदा कारण सापडत नाही, असं म्हणून त्यांनी तो रकाना मोकळा सोडला. नुपूर जपानातच, पण सेंदाईत, सिरॅमिक्सवर संशोधन करायची. तिनं रात्रंदिवस शोधनिबंध वाचले, आणि तिच्याच शहरात हा आजार शस्त्रक्रियेनं आणि गरम औषधानं धुऊन काढणारा एक माणूस आहे हे शोधून काढलं. देशभरात असे मोजकेच. आई सेंदाईला आली ती लेकीमुळे. त्यामुळे इस्पितळातला पहिला कागद समोर आला तेव्हा नुपूरनं पेन बाहेर काढलेलंच होतं.

त्या कागदावर एकच ओळ मोकळी होती. की-पासोन. इंग्रजीतला शब्द जपान्यांनी घेतला आणि त्याला स्वतःचा अर्थ दिला: घरातलं ते एक माणूस, ज्याला डॉक्टर सगळं सांगतील आणि वेळ आली तर ज्याला विचारतील. प्रथमेशला वाटलं, मुलगा म्हणून ती ओळ आपली. नुपूरला वाटलं, आपली. बाबांना काहीच वाटलं नाही, कारण सह्या करायचे कागद आजवर आपणहून त्यांच्यासमोर येत आले होते. होरिए-साननी मात्र तिघांनाही सोडून थेट पेशंटला विचारलं. सुनेत्राबाईंनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि सुनेकडे बोट दाखवलं.

"हिला विचारा म्हणावं. हिला त्यांचं बोलणं कळतं."

कारण खरंच तेवढंच होतं. नुपूरच्या प्रयोगशाळेत सगळे इंग्रजी बोलत. पाच वर्षांत तिचं जपानी बसचा पास आणि भाजी यांच्या पुढे गेलं नव्हतं. केतकी मात्र नवऱ्यामागून आलेली, सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी पेटीत ठेवून, आणि पहिली दोन वर्षं बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यात बाइतो, अर्धवेळ काम, करताना शेजारच्या बायकांकडून भाषा शिकलेली. आता ती वॉर्डाच्या कचेरीत परदेशी बायकांना फॉर्म भरून द्यायची. पण नुपूरला त्या बोटात भाषा दिसली नाही. तिला लेक आणि सून दिसली. तेव्हापासून नुपूरच्या दोन खोल्यांच्या घरात चौघं राहत होती आणि नणंद भावजयीशी फक्त किल्ली, बस आणि गिझर याविषयी बोलत होती.

*

अकरा वाजले. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होता आणि झेलकोव्हाच्या काळ्या फांद्यांवर टिकत नव्हता.

"बेचाळीस," बाबा अचानक म्हणाले. "बेचाळीसच म्हणाले ना गं ते?"

केतकी हो म्हणाली. सेनसेइंनी चाळीस मिनिटं चित्रं काढून समजावलं होतं. डोळ्यांना दिसेल तो आजार सगळा काढायचा: पोटाचं अस्तर सोलायचं, आतड्यांवर पडलेला चरबीचा पदर काढायचा, गर्भाशय, अंडाशय, लागलंच तर मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. मग जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्यासाठी बेचाळीस अंशांपर्यंत तापवलेलं औषध नळ्यांतून तासभर पोटात खेळवायचं आणि काढून घ्यायचं. निशी-कसाईच्या घरी न्हाणीघराच्या भिंतीवरचा गरम पाण्याचा आकडाही बेचाळीसच होता. सुनेत्राबाईंना जपानात मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे ते ओफुरो. गळ्यापर्यंत पाण्यात बसून त्या रोज अर्धा तास स्तोत्रं म्हणायच्या, आणि त्याखाली एक अंशही चालायचा नाही. त्या दिवशी आकडा ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "म्हणजे आतून अभ्यंगस्नान. उटणं तेवढं त्यांचं." सेनसेइंना केतकीनं ते जपानीत सांगितलं, तेव्हा तो गंभीर माणूस चष्मा काढून हसला होता.

"सोसेल तिला," बाबा म्हणाले. "बेचाळीसची सवय आहे." थोडं थांबून त्यांनी जोडलं, "पिशवीचंही तिनं काही मनाला लावून घेतलं नाही. काल म्हणाली, काढताहेत तर काढू देत, एकसष्टाव्या वर्षी मला काय करायचीय ती."

केतकीनं मान वर केली.

नुपूर म्हणाली, "आईला भीती वेगळीच होती, बाबा. परवा मला म्हणाली, सुनीतासारखं पोटाला बाहेरून काही लावणार नाहीत ना, तेवढं बघ. ते मला नको. मी म्हटलं, तसं काही असतं तर वहिनीनं सांगितलं असतं."

सुनीता म्हणजे आईंची धाकटी बहीण, कऱ्हाडची. केतकीच्या लग्नाआधीच गेलेली. तिला आतड्याचं काहीतरी झालं होतं, एवढंच केतकीला माहीत.

 केतकी मनानं त्या चाळीस मिनिटांकडे परत गेली. सेनसेइ गर्भाशय म्हणाले होते. तिला शब्द येत होता, पण सासरे शेजारी बसले होते, नवरा समोर. ती बायकांच्या बोलण्यातलं बोलली. म्हणाली, आई, पिशवी काढावी लागेल. मग सेनसेइ मोठ्या आतड्याबद्दल बोलले. शेवटचा भाग काढावा लागला तर जोड भरून येईपर्यंत काही महिने आतड्याचं तोंड पोटावर काढून त्याला बाहेरून पिशवी लावू. त्याला मराठीत दुसरा शब्दच नव्हता. ती म्हणाली, आणि कदाचित पिशवी लावावी लागेल.

"पिशवीच ना?" आईंनी विचारलं होतं.

"हो, पिशवीच," ती म्हणाली होती.

आणि आई म्हणाल्या होत्या, मग त्यात काय एवढं, करा म्हणावं. आणि केतकीनं संमतीपत्रावरच्या दोन्ही चौकोनांत खुणा केल्या होत्या.

पुण्याच्या प्रयोगशाळेत तिच्या बाई सांगायच्या, दोन बाटल्यांवर एक लेबल लागलं तर दोन्ही बाटल्या ओतून द्या. तिनं दोन बाटल्यांवर एक लेबल लावलं होतं, आणि आई त्यांतली एकच बाटली पाहून आत गेल्या होत्या.

"बाबा," ती म्हणाली, "माझी एक चूक झालीय."

तिनं सांगायला सुरुवात केली. पहिली पिशवी सांगून झाली, दुसरी सांगत होती, आणि फोन वाजला.

घड्याळात अकरा पस्तीस झाले होते.

*

बाबांनी डोळे मिटले. प्रथमेश उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. केतकीनं फोन उचलला.

पलीकडे स्वतः सेनसेइ होते. कुणीतरी त्यांच्या कानाशी फोन धरला असावा. मागे यंत्रांचा संथ आवाज येत होता. पहिलं वाक्य त्यांनी सावकाश, शब्द सुटे करून म्हटलं, आणि केतकीनं ते त्याच क्षणी मराठीत पुढे दिलं.

"लहान आतडं स्वच्छ आहे. ते थांबत नाहीयेत. सगळं काढता येईल म्हणतात."

नुपूरच्या तोंडून एक आवाज निघाला, तो शब्द नव्हता. बाबा डोळे मिटूनच होते. पण सेनसेइ अजून बोलत होते आणि केतकीनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

आजार मोठ्या आतड्याच्या शेवटाला चिकटलेला होता. तो भाग काढावा लागणार. जोड फार खाली येतो, आणि गरम औषधानंतर जखम उशिरा भरते. जोड सुटला तर जिवाशी गाठ. म्हणून त्यांना जोडाच्या वरचं आतडं पोटावर काढून तीन-चार महिने पिशवी लावायची होती. संमतीपत्रावर होकार होता. पण काल संध्याकाळी होरिए-सान पोटावर पेनानं जागा आखायला गेल्या, तेव्हा पिशवीबद्दल बोलताच पेशंट हसून, अगदी स्वच्छ जपानीत म्हणाल्या, फुकुरो वा इरिमासेन. पिशवी नको. होरिए-साननी ते तसंच नोंदवून ठेवलं होतं. कागद हो म्हणतो, पेशंट नाही म्हणतात. सेनसेइंना यातलं खरं कोणतं ते हवं होतं. पिशवी नसेल तर ते नुसताच जोड देतील, पण धोका मोठा असेल, हे त्यांना सांगायला हवं. पदर आणि अस्तर सोडवायला त्यांना अजून दहा मिनिटं लागतील. दहा मिनिटांनी होरिए-सान फोन करतील.

फोन बंद झाला. केतकीनं सगळं सांगितलं, एकही शब्द न वगळता, आपली चूकही पुन्हा एकदा.

फुकुरो वा इरिमासेन. ते वाक्य तिनंच शिकवलं होतं. सुनेत्राबाई कापडी पिशवी घेऊन सुपरमार्केटमध्ये जायच्या. काउंटरवरची मुलगी प्रत्येक वेळी प्लॅस्टिकच्या पिशवीचं विचारायची आणि त्या गोंधळायच्या. केतकीनं वाक्य पाठ करून घेतलं. मग हौसेनं पुढचंही शिकवायला गेली: आई, शेवटी मासेन आलं की नकार, त्याच्या जागी मासु लावलं की होकार, इरिमासु म्हणजे हवंय. वर्षभर ती हे सांगत होती. आई म्हणायच्या, मला दुकानात नाहीच म्हणायचं असतं गं, मला नकार पुरतो.

"ती सवयीनं म्हणाली," प्रथमेश म्हणाला. "फुकुरो ऐकलं आणि म्हणाली. आपल्या शेजारच्या ज्योत्स्नाच्या घरीसुद्धा बोलून गेली होती एकदा. सरळ हो सांग. यात विचारायचं काय?"

"आणि मला म्हणाली ते?" नुपूर म्हणाली. "मराठीत म्हणाली ते? ते सवयीनं नव्हतं, दादा. तिला ते नको होतं."

"जोड सुटला तर?"

"मी सुटू दे म्हणतेय का? मी म्हणतेय, तिला उठल्यावर कळेल की आपण चौघांनी बाहेर बसून ठरवलं. तिला न विचारता."

दोघंही केतकीकडे बघत नव्हती. केतकी नुपूरच्या बाजूनं होती. तिला ते स्वतःलाच नवीन होतं. आठ दिवसांत पहिल्यांदाच या घरात जे तिच्या मनात होतं ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून येत होतं. आणि तरी दहा मिनिटांनी प्रथमेश म्हणतो तेच बोलावं लागणार हे तिला दिसत होतं. फक्त ते आईंच्या नावानं बोलता येणार नव्हतं. आईंची संमती आहे असं ती आता सांगू शकत नव्हती.

"नुपूर बरोबर बोलतेय," ती म्हणाली. "आईंना मी विचारलंच नाहीये. त्यांना कळेल असं विचारलं नाहीये."

नुपूरनं तिच्याकडे पाहिलं.

बाबांनी डोळे उघडले. सुनीताला बघायला आम्ही दोघं गेलो होतो, असं त्यांनी हळूहळू सांगायला सुरुवात केली. मागच्या खोलीत खाट होती. जेवणाचं ताट उंबऱ्याशी ठेवून मुलं निघून जायची. पिशवी तिची तीच धुवायची, परसात, सगळे निजल्यावर. सुनेत्रा चार दिवस राहिली, तिनं ते सगळं केलं, आणि पाचव्या दिवशी एसटीत बसल्यावर नवऱ्याला म्हणाली की त्या पिशवीचं मला काही वाटलं नाही हो, पण तिच्या घरात तिच्याजवळ कुणी बसत नव्हतं.

"मी त्या वेळी काही बोललो नाही," बाबा म्हणाले. "खिडकीबाहेर बघत बसलो. मला वाटतं, उत्तराची वाट बघत होती ती. एकोणीस वर्षं झाली." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर पुसले. "पिशवीला घाबरत नाही ती. आपल्याला घाबरते. लावू दे म्हणावं. मी बसेन तिच्याजवळ. ते धुवायचं काय असेल ते मला शिकवा."

ज्या माणसानं स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नव्हता, त्याच्या तोंडून हे आलं होतं.

फोन वाजला. प्रथमेशनं बायकोकडे पाहिलं. केतकीनं फोन नुपूरपुढे धरला; इंग्रजीत बोल, त्यांना कळेल, असं ती म्हणाली. नुपूरनं मान हलवली.

"तू बोल, वहिनी. आईनं बोट तुझ्याकडे दाखवलं होतं."

केतकीनं आधी आपली चूक सांगितली. पेशंटला या पिशवीचं नीट कळलेलं नाही, दोष माझा आहे, उठल्यावर मीच त्यांना सांगेन. हा होकार त्यांचा नाही, घरच्यांचा आहे, त्यांच्या पतींचा आहे. पलीकडे होरिए-सान लिहून घेत होत्या, पेनाचा आवाज येत होता. मग शेवटचं वाक्य म्हणायची वेळ आली. चांगलं, इस्पितळाला शोभेल असं वाक्य केतकीला त्या क्षणी सुचलंच नाही. काउंटरवर म्हणतात तेवढंच आलं.

"फुकुरो, ओनेगाइ शिमासु."

पिशवी द्या.

*

मग बारा वाजले, एक वाजला, तीन वाजले. प्रथमेशनं खालच्या कोंबिनीतून, म्हणजे दुकानातून, भाताच्या ओनिगिरी आणल्या आणि चौघांनी त्या खाल्ल्या. साडेचारला निशी-कसाईहून ज्योत्स्नाचा फोन आला; तिच्याकडे ठेवलेल्या छोट्या स्वरूपाला, केतकीच्या लेकीला, बोलायचं होतं. आजीचं ओफुरो झालं का, असं तिनं आजोबांना जपानीत विचारलं. आजोबांना ओफुरो तेवढं कळलं आणि ते म्हणाले, चालू आहे गं, आजीला वेळ लागतो, माहीत आहे ना तुला.

सहा चाळीसला बोलावणं आलं. काढलेलं घरच्यांना दाखवायची तिथली पद्धत. की-पासोन आणि आणखी एक जण, असं होरिए-सान म्हणाल्या. बाबांनी नको म्हणून हात हलवला. प्रथमेशचा चेहरा पांढरा पडला होता. केतकीनं नुपूरला विचारलंच नाही. ती उठली आणि नुपूर तिच्याबरोबर उठली.

छोट्या खोलीत स्टीलच्या ट्रेमध्ये, निळ्या कापडावर, सगळं ओळीनं मांडलेलं होतं. सेनसेइंच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. चिमट्याच्या टोकानं ते एकेक दाखवत गेले. हे उजव्या बाजूचं अस्तर. हे छातीच्या पडद्याखालचं. हा आतड्यांवरचा पदर: मऊ, पातळ असायला हवा तो घट्ट होऊन जाड भाकरीसारखा झालेला, वर साबुदाण्याएवढे पांढरे दाणे. हे गर्भाशय. केतकीनं ते पाहिलं, नाशपतीएवढं, फिकट. प्रथमेश आणि नुपूर यातून आले, असं तिच्या मनात आलं, आणि शेजारी नुपूरही तेच पाहत होती. ही ती पिशवी. तिचं नाव नीट घ्यायला केतकी लाजली होती.

सेनसेइ म्हणाले, डोळ्यांना दिसेल असं आत काहीही उरलेलं नाही. गरम औषध पूर्ण एक तास दिलं. हा आजार परत येऊ शकतो, मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण आज जे करण्यासारखं होतं ते झालं. मग ते म्हणाले की तुम्ही फोनवर चूक सांगितलीत, ते बरं केलंत. नर्सची नोंद आणि कागद यांत मेळ नव्हता तेव्हा माझा हात थांबला होता. नंतर तो थांबला नाही.

दहा तास उभा राहिलेला तो माणूस आधी वाकला. केतकी वाकली. सरळ होताना तिला दिसलं की नुपूर अजून वाकलेलीच आहे, केस पुढे आलेले, आणि तिचे हात नमस्काराला जोडलेले आहेत. कॉरिडॉरमध्ये आल्यावर नुपूरनं तिचा दंड धरला आणि लिफ्टपर्यंत सोडला नाही.

*

सांगण्याचं काम केतकीनं पाचव्या दिवशी केलं, आई उशीला टेकून बसू लागल्यावर. बाकीच्यांना तिनं बाहेर पाठवलं. पोटावरची पिशवी आईंनी तोवर पाहिली होती आणि तिच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. केतकीनं सगळं सांगितलं. दोन पिशव्या, एक शब्द, दोन चौकोन, अकरा पस्तीसचा फोन, एसटी. आई छताकडे बघत ऐकत होत्या.

"गर्भाशय म्हणायचंस की सरळ," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज नळीमुळे घोगरा झाला होता.

"बाबा बसले होते, आई."

"त्यांच्यामुळेच दोन पोरं झाली त्यात. त्यांना माहीत असणार." त्यांना हसू आलं आणि टाक्यांवर हात ठेवून त्यांनी ते थांबवलं. मग त्यांनी पांघरुणाची कड सरळ केली. "एसटीतलं त्यांनी सांगितलं? स्वतःहून?"

"हो."

"ऐकलं होतं म्हणजे." त्यांनी डोळे पुसले नाहीत, ते कानाकडे वाहत गेले. "मला वाटायचं, ऐकलंच नाही. केतकी, तू विचारलं असतंस ना, नीट, तर मी नाहीच म्हटलं असतं. आणि मग काय झालं असतं कुणास ठाऊक. तरी पण तू विचारायला हवं होतंस."

"हो, आई."

"पुढच्या वेळी विचार."

पुढची वेळ म्हणजे तीन महिन्यांनी, आतडं आत घालायची. ती येणार आहे असं त्यांनी धरून चालावं, याचंच केतकीला इतकं वाटलं की तिनं नुसतीच त्यांची उशी सारखी केली.

दार सरकलं. होरिए-सान नव्या पिशव्यांचा ट्रे घेऊन आल्या आणि त्यांच्यामागे बाबा, हातात वही. दोन दिवस ते खालच्या मजल्यावर रबरी पोटावर सराव करत होते. वहीत त्यांनी टेलिफोनच्या जोडणीसारखी आकृती काढली होती, बाण दाखवून, कडा कुठे दाबायची, क्लिप कुठल्या बाजूला. नुपूरनं तीत जपानी शब्द रोमन अक्षरांत लिहून दिले होते आणि केतकीला विचारून दोन दुरुस्त केले होते. बाबांनी बाह्या दुमडल्या, हात धुतले, खुर्ची पलंगाला चिकटवून ओढली आणि तिच्यावर बसले.

"पाणी गार नाही ना?" आईंनी विचारलं.

"कोमट आहे."

"बेचाळीस?"

"तेवढं नाही. गप्प बस जरा, माझं लक्ष जातं."

होरिए-साननी नवी पिशवी उचलून आईंना दाखवली, आणि आधीचा नकार त्यांनीच नोंदवलेला असल्यामुळे असेल, सावधपणे, प्रश्नार्थक मान कलती करून म्हणाल्या, फुकुरो...?

केतकी भाषांतर करायला पुढे झाली. आईंनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग खुर्चीत बसलेल्या नवऱ्याकडे, आणि शाळेत उभं राहून उत्तर द्यावं तसं, एकेक अक्षर तपासत, म्हणाल्या,

"फुकुरो वा... इरि... मासु."